बॅ. नाथ पै: भाषणांच्या आठवणी खूप, कायद्याचं काम कोणी सांगेल का?

एलएलबी दुसरं वर्ष यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आमच्या लॉ कॉलेजच्या वार्षिक अंकाचा यंदाचा विषय आहे 'कोर्टातून संसदेत'. वर्गात नावं वाटली तेव्हा मी बॅ. नाथ पै मागून घेतले, कारण माझं आजोळ वेंगुर्ल्याचं आणि घरात त्यांचं नाव लहानपणापासून ऐकलेलं. आता लिहायला बसले आणि अडले. जे मिळतं त्यात 'अमोघ वक्तृत्व', 'सभागृह मंत्रमुग्ध', 'कोकणचा सुपुत्र' एवढंच. विशेषणं बाजूला काढली की दोन ओळी उरतात: जन्म आणि मृत्यू.

मला कायद्याच्या बाजूने लिहायचंय. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेला माणूस तीन वेळा लोकसभेत गेला, तर तिथे त्याच्या कायद्याच्या शिक्षणाचा उपयोग काय झाला? एखादा कायदा त्यांच्या नावावर आहे का? घटनेच्या पेपरला 'नाथ पै बिल' असा एका ओळीचा उल्लेख येतो, आमच्या सरांनीही तो एका ओळीतच उरकला. ते बिल मंजूर झालं होतं का? कोणी नीट सांगेल का, शक्यतो न रागावता?

---

तळकोकणी:

रागावू कशाला? तुझं आजोळ वेंगुर्ला म्हणजे आमचीच माहेरवाशीण.

थोडक्यात सांगतो, बाकीचे भर घालतील. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग. मग विलायत, तिथे बॅरिस्टर आणि समाजवादी युवक चळवळ. आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे ते अध्यक्ष होते, ही गोष्ट इथे फार जणांना ठाऊक नसते. १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूरमधून लोकसभेवर गेले तेव्हा वय ३४. मग १९६२ आणि १९६७ मध्येही तेच. १९६० साली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला, त्यातही ते पुढे होते. कोकण रेल्वेची मागणी दिल्लीत लावून धरणाऱ्यांत ते होतेच. मालवणला त्यांच्या नावाचं सेवांगण आहे, एकदा जाऊन ये.

राजापूर मतदारसंघ आता नकाशावर नाही. २००८ च्या पुनर्रचनेत गेला, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतात. त्या काळी सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता, तो १९८१ चा.

कायद्याचं मला काही कळत नाही. त्यासाठी इथे एक वकीलकाका येतात, 'बत्तीस ग' नावाने. ते दिसले की धाग्याची लांबी वाढलीच म्हणून समज.

---

बत्तीस ग:

आलो. आणि हो, लांबी वाढणार.

बाळ, तुझा प्रश्न बरोबर आहे. नाथ पैंना आम्ही वक्ता करून टाकलं आणि मोकळे झालो. वक्ता म्हटलं की टाळ्या आठवतात, त्या बाईने किंवा बाप्याने मांडलेला मुद्दा नाही आठवत. मी त्यांना ऐकलंय. १९६७ च्या निवडणुकीत, आमच्या तालुक्याच्या गावी. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं आणि मी त्याला पोचलो नव्हतो, तरी पुढे जाऊन बसलो होतो. काय बोलले ते विचारशील तर नाही सांगता येणार. बोलताना हातात कागद नव्हता आणि संस्कृतातून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत ये-जा चालली होती, एवढं डोक्यात आहे. म्हणजे मीही तुझ्या त्या विशेषणवाल्यांतलाच. त्यांचं खरं काम मला कोल्हापूरला शहाजी लॉ कॉलेजात घटनेच्या तासाला कळलं.

आता बिल. त्याआधी गोलकनाथ.

गोलकनाथ हे जालंधरचं एक जमीनदार कुटुंब, पाचशे एकरांच्या आसपास जमीन. पंजाबच्या कायद्याने प्रत्येकाला ३० एकरांपर्यंत ठेवता येत होती, बाकीची जास्तीची. ते सुप्रीम कोर्टात गेले. २७ फेब्रुवारी १९६७ ला ११ न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला. सरन्यायाधीश सुब्बा राव बहुमतात. म्हणणं असं की घटनादुरुस्ती हाही अनुच्छेद १३ मधला 'कायदा'च, आणि मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेला करता येत नाही. मग घटनादुरुस्तीनेही ते करता येणार नाही. आणि अनुच्छेद ३६८? त्याचा मथळाच 'घटनादुरुस्तीची कार्यपद्धती' असा होता. त्यात कार्यपद्धती आहे, अधिकार नाही, असं बहुमताने धरलं. याआधी १९५१ मध्ये शंकरी प्रसाद आणि १९६४ मध्ये सज्जन सिंग या दोन्ही खटल्यांत कोर्टाने बरोबर उलट सांगितलं होतं. सज्जन सिंगमध्ये न्या. हिदायतुल्ला आणि आपले न्या. मुधोळकर यांनी शंका मात्र काढून ठेवल्या होत्या. त्या शंका दोन वर्षांत मोठ्या झाल्या.

आधीच्या घटनादुरुस्त्या कोर्टाने मोडल्या नाहीत. झालं ते झालं, इथून पुढे नाही, असा तोडगा काढला. म्हणून देशभरची जमीन उलटीपालटी झाली नाही. पण 'इथून पुढे नाही' हे तीन शब्द कोकणात काय आवाज करतात ते बघ.

माझं टोपणनाव लोकांना विनोदी वाटतं. कुळकायद्याचं कलम ३२ ग. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पण किंमत ठरवून कागद हातात पडायचा तो ३२ ग च्या चौकशीत. ती तहसीलदारापुढे चालायची. माझी सगळी उमेद त्यात गेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाचं नाव आहे की नाही, खंडाच्या पावत्या कुठायत, मालक म्हणतो हा कूळच नव्हे, गडी होता. मग ७० ब खाली आधी तो कूळ आहे का ते ठरवा, मग प्रांताधिकाऱ्याकडे अपील, मग महसूल न्यायाधिकरण. आजोबाने लावलेली केस नातू चालवायचा. मालकाचे वकील शेवटी एक मुद्दा हमखास टाकायचे: मालमत्तेचा मूलभूत हक्क, १९(१)(फ). तहसीलदाराला कायद्याची वैधता तपासायचा अधिकारच नाही, हे त्यांनाही माहीत असायचं. तरी रेकॉर्डवर असावा म्हणून टाकायचे. आमचं उत्तर ठरलेलं: अनुच्छेद ३१ ब आणि नववं परिशिष्ट. त्या परिशिष्टात बसवलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या नावाने आव्हान देता येत नसे. मुंबईचा कुळकायदा आणि खोती (म्हणजे खोतांची जमीनदारी) निर्मूलनाचा कायदा दोन्ही त्या परिशिष्टात पहिल्या घटनादुरुस्तीपासून बसवलेले आहेत. ते नववं परिशिष्ट म्हणजे आमच्या गरीब अशिलांचं छप्पर होतं. गोलकनाथने छप्पर काढलं नाही, पण यापुढे एक कौल बदलता येणार नाही असं बजावलं.

राजापूरचा खासदार या निकालाकडे कसा बघेल? त्याच्या मतदारसंघात खोतांचा वारसा आणि कुळांची वस्ती, दोन्ही भरपूर. (बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं होतं. तेही बॅरिस्टर. तुझ्या अंकात बाबासाहेब कोणाकडे आहेत? त्याला हे सांग.)

चौथी लोकसभा मार्चच्या मध्याला बसली आणि ७ एप्रिल १९६७ ला, शुक्रवारी, नाथ पैंनी आपलं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. निकालाला दीड महिनाही झाला नव्हता. गाभा एवढाच की ३६८ खाली संसदेला घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करता येते, हे घटनेतच स्पष्ट लिहा. मूलभूत हक्कांचा भागही त्यात आला.

यात वकील कुठे दिसतो ते सांगतो, कारण तू तेच विचारलंस. निकाल आवडला नाही की पुढारी काय करतो? सभेत कोर्टाला चार शब्द सुनावतो. या माणसाने तसं केलं नाही. निकाल नेमका कुठल्या खुंटीवर टांगलाय ते शोधलं. खुंट्या दोन: १३ मधला 'कायदा' हा शब्द आणि ३६८ चं 'कार्यपद्धती' हे रूप. कोर्ट म्हणतं अधिकार लिहिलेला नाही, ठीक, मग लिहून टाकू. कोर्टाचा मान राखून कोर्टाला दिलेलं हे उत्तर आहे. ड्राफ्टिंगच्या तासाला हेच शिकवतात, फक्त तिथे भाडेकरार असतो.

मंजूर झालं का? नाही. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं, असूनही ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपर्यंत गेलं, हेच फार झालं. 'स्वतंत्र' नावाच्या पक्षाचा ठाम विरोध, कारण त्यांना संपत्तीचा हक्क प्यारा. काँग्रेसकडे ५२० पैकी २८३ जागा. साधं बहुमत होतं, घटनादुरुस्तीचं दोन-तृतीयांश नव्हतं. विधेयक चर्चेत, समितीत, तहकुबीत फिरत राहिलं. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि अनुच्छेद १०७(५) प्रमाणे ते व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद. तीन आठवड्यांनी नाथ पै गेले. वय ४८.

पुढे ऑगस्ट १९७१ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती लोकसभेत ३८४ विरुद्ध २३ मतांनी पास झाली. ३६८ चा मथळा बदलून 'घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार आणि त्याची कार्यपद्धती' असा झाला आणि १३ ला पोटकलम जोडून घटनादुरुस्ती त्यातून वगळली. दोन्ही खुंट्या उपटल्या. विधेयक नेलं कायदामंत्री ह. रा. गोखल्यांनी, तेही मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश. विरोधी बाकावरच्या बॅरिस्टरला चार वर्षांत जे जमलं नाही ते ३५२ जागांच्या सरकारने एका अधिवेशनात केलं. यात कोणाची थोरवी नाही, बेरीज आहे.

कोर्टात त्यांनी नाव काढलं नाही, काढायला वेळच मिळाला नाही. लंडन, चळवळ आणि मग चौदा वर्षं खासदारकी. तेव्हा तुझ्या लेखात 'नामवंत वकील' असं लिहू नकोस. ते खोटं होईल.

---

उलट तपासणी:

काका, मान ठेवून विचारतो. तुम्ही सगळं चांगलं सांगितलंत, पण पुढचं पान दुमडून ठेवलंत. 'संसदेला घटनेचं काहीही बदलता येतं' हेच तत्त्व ना? मग आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती आली, तीही याच गोखल्यांच्या काळात. तिने तर ३६८ मध्येच लिहिलं की कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही. दार नाथ पैंनी उघडायला सांगितलं, आत कोण शिरलं? समाजवाद्यांना तुरुंगात टाकणारेच. सुब्बा रावांचं पीठ जास्त दूरचं बघत होतं असं माझं मत.

---

बत्तीस ग:

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

नाथ पैंचा भरवसा संसदेवर होता. नेहरूंच्या काळातली संसद त्यांनी पाहिली, पंतप्रधान समोर बसून विरोधकाचं ऐकतायत अशी. तिथे घडलेल्या माणसाला एखादी संसद स्वतःचीच मुस्कटदाबी करेल हे गृहीत धरणं जड गेलं असेल. ही त्यांच्या मांडणीतली उणीव आहे, मी ती उणीव म्हणूनच धरतो. मी विद्यार्थी असताना नाथ पैंच्या बाजूने वर्गात भांडायचो. १९७६ नंतर तेवढ्या जोरात नाही भांडलो.

पण सुब्बा राव दूरचं बघत होते हे मला पटत नाही. त्यांच्या निकालाने सगळे मूलभूत हक्क एकाच मापात बसवले. भाषणस्वातंत्र्य आणि पाचशे एकर, दोन्ही सारखेच पवित्र! माझ्या अशिलाला विचारलं असतं तर त्याने फरक सांगितला असता.

२४ एप्रिल १९७३ चा केशवानंद खटल्याचा निकाल बघा. १३ न्यायाधीश. गोलकनाथ रद्द. २४ वी घटनादुरुस्ती वैध, याबद्दल तेराजणांत वाद नाही. म्हणजे नाथ पैंनी १९६७ मध्ये जे लिहून मागितलं ते घटनेत बसतं, हे सगळ्यांनी मान्य केलं. मग सात विरुद्ध सहाने पुढची अट घातली की दुरुस्ती करा, मूलभूत चौकट मोडू नका. अल्पमतातल्या सहांत न्या. पालेकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ४२ व्या दुरुस्तीतली तुम्ही म्हणता ती कलमं उडवणाऱ्या पीठावर सरन्यायाधीश कोण? तेच चंद्रचूड. मधल्या सात वर्षांनी त्यांना जे शिकवलं ते शिकायला नाथ पै राहिले नाहीत. त्यांनी काय केलं असतं याचा अंदाज मी करत नाही. त्यांच्या जागी राजापूरने मधू दंडवत्यांना निवडून दिलं, ते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. एवढंच नोंदवतो.

लेख लिहिणाऱ्या मुलीला सांगेन: उलट तपासणींचा हा आक्षेप घाल. तो नसेल तर लेख सत्काराचा होईल.

---

बेळगावकर:

कायद्याचं चाललंय, पण शेवटच्या दिवसाबद्दल कोणीच लिहिलं नाही. १७ जानेवारी हा आमच्याकडे हुतात्मा दिन. १९५६ साली बेळगावात सीमाप्रश्नावर गोळीबार झाला, त्याची आठवण. १९७१ च्या १७ जानेवारीला नाथ पै त्या सभेला बेळगावात होते, बोलले, आणि त्यानंतर काही तासांत हृदयविकाराने गेले. तारीख १८ लावतात. तब्येत आधीपासून ठीक नव्हती. आमच्या घरातली जुनी माणसं अजून म्हणतात, तेवढं भाषण नको होतं करायला.

---

एलएलबी दुसरं वर्ष:

बत्तीस ग काका, तळकोकणी, बेळगावकर, उलट तपासणी, सगळ्यांचे आभार. लेखाचा सांगाडा बदलला. आता विधेयकच मधे ठेवते, जन्मस्थळ वगैरे एका परिच्छेदात.

दोन शंका राहिल्या. खासगी विधेयकं पास होतच नाहीत का? आणि मूळ भाषण कुठे वाचायला मिळेल? कोणी सांगितलेलं नको, त्यांचे शब्द हवेत.

---

बत्तीस ग:

होतात, पण क्वचित. स्वातंत्र्यानंतर आजवर १४ झाली. त्यातली एकही घटनादुरुस्ती नाही. शेवटचं १९७० चं, सुप्रीम कोर्टाच्या फौजदारी अपिलाचं क्षेत्र वाढवणारं. ते आणलं आनंद नारायण मुल्लांनी: अलाहाबाद हायकोर्टाचे माजी न्यायाधीश, उर्दूतले शायर, लखनऊचे अपक्ष खासदार. म्हणजे नाथ पैंचं विधेयक अडकून पडलं त्याच लोकसभेत एका दुसऱ्या कायदेवाल्याचं पार पडलं. तुझ्या वर्गात मुल्ला कोणी घेतलेत का? नसतील तर पुढच्या अंकाला घे.

का होत नाहीत? खासगी कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. शुक्रवारी दुपारी खासदाराला मतदारसंघाची गाडी दिसत असते. साध्या विधेयकाला हजर असलेल्यांचं बहुमत पुरतं. घटनादुरुस्तीला मात्र सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि वर हजर व मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश. ५२० च्या सभागृहात म्हणजे किमान २६१ माणसं शुक्रवारी संध्याकाळी बाकावर बसवायची, तीही दुसऱ्या पक्षांची, व्हिप नसताना.

भाषणांसाठी संसदेची डिजिटल लायब्ररी आहे, लोकसभेच्या जुन्या चर्चा तिथे स्कॅन करून ठेवल्यात. तारीख टाकून शोध, नावाने शोधलंस तर 'नाथ' आणि 'पै' वेगवेगळे पडून भलतेच सदस्य येतील. ७ एप्रिल १९६७ पासून सुरू कर, त्या दिवशी नुसतं मांडणं आहे. खरा वाद पुढच्या महिन्यांतल्या शुक्रवारांना आहे. इंग्रजीत आहे, छपाई फिकी आहे, मधे मधे सभापतींनी थांबवलेलं आहे. तेही वाच. कोणी अडवलं की ते मुद्दा कसा परत धरतात ते तुला पुढे कोर्टात उपयोगी पडेल.

---

तळकोकणी:

काका, बाईने की बाप्याने मांडलेला मुद्दा म्हणे! नाथ पैंच्या धाग्यावर बाई कुठून आली?

---

बत्तीस ग:

सवय रे. जबानी घेताना दोन्ही लिहायला लागायचं.